फाइलीवरचा शिक्का आणि न विचारलेला प्रश्न

अमेरिकेत सायकिअॅट्रीची रेसिडेन्सी (रुग्णालयात काम करत घ्यायचं विशेष प्रशिक्षण) सुरू करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तिथल्या आकडेवारीत कृष्णवर्णीयांमध्ये आत्महत्येचं प्रमाण गोऱ्यांच्या निम्मं दिसतं, पण स्किझोफ्रेनियाचं (भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं) निदान मात्र त्यांच्यात दुपटीहून जास्त. हा फरक रक्तातला की परिस्थितीतला? वंशाप्रमाणे आत्महत्येच्या धोक्याचे घटक वेगळे असतात का? आणि पेशंटसमोर बसल्यावर काही वेगळं विचारायचं असतं का?

मी २४ वर्षं अमेरिकेतल्या सरकारी रुग्णालयांत काढली, त्यातली बरीचशी इमर्जन्सीत. फरक रक्तातला नाही, हे आधीच सांगते. आणि तुम्ही दिलेले दोन आकडे ही दोन वेगळी कोडी नाहीत. चुकीचं निदान आणि नजरेतून सुटलेला आत्महत्येचा धोका या एकाच मुलाखतीत होणाऱ्या दोन चुका आहेत, आणि बहुतेक वेळा पहिलीतूनच दुसरी होते.

आकडे आधी नीट बघू, कारण ‘निम्मं’ या शब्दाखाली बरंच काही झाकलं जातं. २०२१ साली अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे आत्महत्येचं प्रमाण मूळ अमेरिकन आणि अलास्कातल्या आदिवासी समाजांत २८.१ होतं, गोऱ्यांत १७.४, कृष्णवर्णीयांत ८.७, हिस्पॅनिकांत (स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांत) ७.९ आणि आशियाई वंशाच्या लोकांत ६.८. ही झाली एका वर्षाची गोष्ट. २०१८ ते २०२१ या काळात गोऱ्यांमधलं प्रमाण ३.९ टक्क्यांनी उतरलं, तर कृष्णवर्णीयांमधलं १९.२ टक्क्यांनी आणि मूळ अमेरिकनांमधलं २६ टक्क्यांनी चढलं.

सरासरीत वयही लपतं. गोऱ्या पुरुषांत धोका वयाबरोबर वाढत जातो आणि म्हातारपणी सर्वांत जास्त असतो. कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन समाजांत तो ऐन तारुण्यात टोकाला जातो. २००१ ते २०१५ मधल्या मृत्यूंचा वयानुसार अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३ ते १७ वयाच्या कृष्णवर्णीय मुलांमधलं प्रमाण गोऱ्या मुलांच्या निम्म्याच्या आसपास निघालं, पण ५ ते १२ वयोगटात ते जवळजवळ दुप्पट होतं. पाच ते बारा! मी हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा रकाने उलटे छापले गेलेत की काय असं वाटून पुन्हा वाचला. १९९१ ते २०१७ या काळात कृष्णवर्णीय शाळकरी मुलांनी स्वतः सांगितलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांत ७३ टक्के वाढ झाली होती. याच काळजीतून २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी या विषयावर खास कृतिगट नेमला. मी शिकत होते तेव्हा ‘धोक्यातला पेशंट’ म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर उभं केलं जायचं: वृद्ध, गोरा, एकटा, दारू पिणारा पुरुष. ते चित्र खोटं नव्हतं, पण त्यात न बसणाऱ्या प्रत्येकाला आम्ही नकळत ‘धोका कमी’ या रकान्यात टाकत होतो.

शिवाय मृत्यूची नोंद कशी होते तेही पाहायला हवं. मृत्यू आत्महत्या की अपघात हे ठरवताना कॉरोनर किंवा मेडिकल एक्झामिनर (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारे अधिकारी) पुरावे शोधतात: चिठ्ठी, आधीचे प्रयत्न, डिप्रेशनच्या उपचारांचे कागद. ज्या माणसाला कधी उपचारच मिळाले नाहीत त्याचे असले कागद कुठून येणार? मग मृत्यू ‘कारण अनिश्चित’ म्हणून नोंदला जातो. कृष्णवर्णीयांचे मृत्यू या रकान्यात जास्त जातात, हे २०१० मधल्या एका अभ्यासाने दाखवलं. म्हणजे त्या ८.७ मधला काही भाग खरंच कमी आहे, आणि त्यामागे चर्चचा, आजी-मावश्यांचा, मोठ्या गोतावळ्याचा आधार आहे, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण काही भाग निव्वळ नोंदीतून गळालेला आहे.

आता निदानाकडे येते.

या विद्येचा इतिहास तुम्हाला रेसिडेन्सीत कुणी फारसा सांगणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. १८५१ मध्ये लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने, गुलामगिरीतून पळून जाणं हा मानसिक आजार आहे असं मांडून त्याला ‘ड्रेपेटोमेनिया’ असं नाव दिलं. त्याआधी १८४० च्या जनगणनेत उत्तरेकडच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचं प्रमाण प्रचंड असल्याचे आकडे छापून आले होते, आणि गुलामगिरीचे समर्थक ते मिरवत होते. मॅसॅच्युसेट्सच्या एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरने ते आकडे किती चुकीचे आहेत ते उघड केलं. हे सगळं जुनंपुराणं म्हणून सोडून देता येईल, पण पुढचं येत नाही. डीएसएम म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली. तिच्या १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पॅरानॉइड (संशयाचे भ्रम असलेल्या) स्किझोफ्रेनियाच्या वर्णनात पेशंटची वृत्ती ‘वैरभावाची आणि आक्रमक’ असते असं आलं. ते वर्ष नागरी हक्कांच्या लढ्याचं होतं. जोनाथन मेट्झल या मानसोपचारतज्ज्ञाने मिशिगनमधल्या आयोनिया स्टेट हॉस्पिटलची जुनी कागदपत्रं तपासली. हे निदान गोऱ्या बायकांकडून डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय पुरुषांकडे कसं सरकत गेलं, ते त्याला त्या पानांत दिसलं. १९७४ मध्ये एका नामांकित सायकिअॅट्रीच्या नियतकालिकात हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाची जाहिरात आली होती. तिच्यात मूठ उगारलेला, संतापलेला कृष्णवर्णीय माणूस होता. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली ती जानेवारी २०२१ मध्ये.

हे केवळ जुन्या लोकांचं पाप नव्हे. १९८८ मध्ये २९० मानसोपचारतज्ज्ञांना केस वाचायला दिल्या गेल्या. मजकूर तोच, फक्त पेशंटचं लिंग आणि वंश बदललेला. पेशंट कृष्णवर्णीय पुरुष आहे असं लिहिलेलं असलं की पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान जास्त होत होतं, आणि तो जास्त धोकादायकही वाटत होता. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा कृष्णवर्णीयांना स्किझोफ्रेनियाचं निदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांच्या सुमारे २.४ पट निघाली. २०१९ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १,६५७ पेशंटांच्या नोंदी तपासल्या. स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसलेल्या कृष्णवर्णीय पेशंटांमध्ये गंभीर डिप्रेशनची लक्षणं गोऱ्यांपेक्षा जास्त सापडली. मूडची लक्षणं समोर होती, पण त्यांना वजन दिलं गेलं नव्हतं.

हे कसं घडतं ते एका पेशंटवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीचे गृहस्थ, आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केलेली. रात्री पोलिसांनी इमर्जन्सीत आणलं. खोलीत उकडत होतं तरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली. फाइलीच्या पहिल्याच ओळीत पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. आत्महत्येच्या विचारांच्या चौकटीत ‘नाही’ अशी खूण. आणि त्या संध्याकाळच्या नोंदीत एक वाक्य: आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे असं पेशंटला वाटतं.

मी त्यांना विचारलं, कोण पाळत ठेवतंय? त्यांनी हनुवटीने माझ्यामागे खूण केली. मी वळून पाहिलं. दारात सिक्युरिटी गार्ड उभा होता. ते आल्यापासून तो तिथेच होता.

गार्डला मी कॉरिडॉरच्या टोकाला जायला सांगितलं, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि झोपेबद्दल विचारलं. पहाटे तीनला जाग येते, मग नाही. जेवण? चव गेली आहे. उदास वाटतं का? ‘उदास नाही, थकलोय.’ हा शब्द मी पुढे शेकडो वेळा ऐकला. मग विचारलं, थकवा इतका वाढतो का, की सकाळी जागच येऊ नये असं वाटतं? त्यांनी चेन खाली ओढली, जाकीट काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, ‘रोज.’ मग आधी ‘नाही’ का सांगितलंत? ‘ते विचारतात, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा विचार आहे का. मागे एकदा हो म्हणालो होतो. त्या रात्री मला बांधून ठेवलं होतं.’

त्या चौकटीतली ‘नाही’ची खूण मला तेव्हा कळली. अमेरिकेतल्या इमर्जन्सींमध्ये कृष्णवर्णीय पेशंटांना बांधून ठेवण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, हे अनेक अभ्यासांत आलं आहे. खरं बोलण्याची किंमत ज्याला आधी मोजावी लागली आहे, तो पुढच्या वेळी ‘नाही’च म्हणणार. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अलाबामातल्या टस्कीगीमध्ये सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून त्यांच्या आजाराचं निरीक्षण केलं गेलं, ही गोष्ट त्यांच्या घराघरांत माहीत आहे. असा माणूस डॉक्टरसमोर सावधपणे बसला, तर त्या सावधपणाला भ्रम म्हणायचं का? पण नोंदीत ‘राखून बोलतो, संशयी’ असं लिहिलं जातं, आणि दोन ओळी खाली निदान होऊन जातं.

आता ‘रक्तातलं’ म्हणावं असं एक मात्र आहे, आणि नेमकं तेच कित्येक वर्षं पेशंटच्या विरोधात वापरलं गेलं. स्किझोफ्रेनियात आत्महत्येचा धोका कमी करतं असं ठामपणे म्हणता येईल असं औषध क्लोझापिन. ९८० पेशंटांवर दोन वर्षं चाललेल्या चाचणीच्या आधारावर एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २००२ मध्ये त्याला या कारणासाठी मान्यता दिली. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, म्हणून रक्ताची नियमित तपासणी लागते आणि आकडा ठराविक रेषेखाली गेला की औषध थांबवावं लागतं. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांत ‘डफी नल’ नावाच्या रक्तगटामुळे न्यूट्रोफिलचा (पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचा) आकडा जन्मापासूनच कमी असतो. त्यांना त्याने संसर्ग जास्त होत नाहीत, कसलाच त्रास नसतो. पण रेषा आखलेली होती ती इतरांच्या रक्तावरून. त्यामुळे हे औषध कृष्णवर्णीय पेशंटांना सुरूच केलं जात नसे, आणि केलं तरी मध्येच बंद व्हायचं. २०१५ मध्ये एफडीएने अशा लोकांसाठी वेगळी मर्यादा मान्य केली आणि २०२५ मध्ये या औषधासाठीची रक्ततपासणीच्या आकड्यांची सक्तीची नोंदणी पद्धतच काढून टाकली. म्हणजे स्किझोफ्रेनियाचं निदान ज्यांना सर्वांत सढळ हाताने दिलं, त्याच लोकांना त्या आजारातलं जीव वाचवणारं औषध सर्वांत हात आखडून दिलं. माझ्या वॉर्डात मी हे होताना पाहिलं आहे आणि सुरुवातीची काही वर्षं मीही तसंच केलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

धोक्याचे घटक वेगळे असतात का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: घटक बरेचसे तेच असतात, पण ते वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या वाटांनी समोर येतात. डिप्रेशनच घ्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी गंभीर डिप्रेशन झालेल्यांचं प्रमाण गोऱ्यांत १७.९ टक्के आणि आफ्रिकन अमेरिकनांत १०.४ टक्के निघालं. पण ज्यांना ते झालं त्यांच्यात ते चिवटपणे टिकण्याचं प्रमाण गोऱ्यांत ३८.६ टक्के, तर आफ्रिकन अमेरिकनांत ५६.५ टक्के. होतं कमी जणांना, पण झालं की वर्षानुवर्षं सोबत राहतं, बहुतेक वेळा उपचारांविना. आणि ते येतं चिडचिड, अंगदुखी, थकवा, कामावरची भांडणं या रूपांत. रडू येतं का, एवढंच विचाराल तर ते हातातून निसटेल.

मुलांच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. पाच ते अकरा वर्षांच्या ज्या मुलांचा आत्महत्येने मृत्यू झाला, त्यांच्यातल्या मानसिक आजार नोंदलेल्यांमध्ये डिप्रेशनपेक्षा एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) जास्त आढळला, आणि मृत्यूआधी घरात किंवा मित्रांशी काहीतरी बिनसलेलं होतं. आता याला दुसरी माहिती जोडा: आठवीपर्यंत एडीएचडीचं निदान मिळण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांत गोऱ्या मुलांपेक्षा ६९ टक्क्यांनी कमी असल्याचं २०१३ मध्ये दिसून आलं होतं. त्यांना मिळतो तो ‘उद्धट’, ‘वर्तनदोष’ असा शिक्का आणि शाळेतून निलंबन. अकरा वर्षांचा एक मुलगा खुर्ची फेकली म्हणून माझ्याकडे पाठवला होता. शाळेच्या पत्रात खुर्चीचं वर्णन दीड पान होतं. त्याला कधी मरावंसं वाटलं का, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी विचारला तेव्हा त्याने नजर वर न करता होकारार्थी मान हलवली आणि बुटाची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिला. विचारल्याने मुलाच्या डोक्यात कल्पना घुसते, हा समज चुकीचा आहे. मूल सुटकेचा श्वास सोडतं.

इतर समाजांबद्दल थोडक्यात. आशियाई वंशाच्या लोकांचा आकडा सर्वांत कमी, पण त्यांच्यातल्या १५ ते २४ वयाच्या तरुणांत आत्महत्या हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण ठरलं आहे, आणि मानसोपचार घेण्यात हा समाज सर्वांत मागे आहे. आपली मुलं यातच मोजली जातात, म्हणून आवर्जून लिहिते. गुणी, अभ्यासू मूल कधी तक्रार करत नाही, आणि त्याला कुणी विचारतही नाही. हिस्पॅनिक आणि आशियाई समाजांत स्थलांतर करून आलेल्यांपेक्षा तिथे जन्मलेल्यांत धोका जास्त दिसतो. वंश रक्तातून धोका आणत असता तर असं झालं नसतं.

मूळ अमेरिकनांच्या बाबतीत २८.१ हा आकडा नशीब म्हणून वाचू नका. अॅरिझोनातल्या व्हाइट माउंटन अपाची जमातीने २००१ मध्ये स्वतःच नियम केला की आत्महत्येचा विचार, प्रयत्न किंवा मृत्यू, काहीही कळलं तरी त्याची नोंद झालीच पाहिजे. त्यांचीच माणसं मग त्या घरी जाऊन भेटतात आणि पाठपुरावा करतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची साथ होती, पण काम जमातीचं होतं. २००१–२००६ आणि २००७–२०१२ या काळांची तुलना केली तर तिथलं आत्महत्येचं प्रमाण लाखामागे ४०.० वरून २४.७ वर आलं. दार ठोठावणारं माणूस ओळखीचं होतं आणि ते परत येत होतं, हे मला त्यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

लवकरच तुमच्या स्क्रीनवर संगणकाने काढलेला धोक्याचा अंकही दिसेल. सात मोठ्या आरोग्यसंस्थांतल्या १ कोटी ३९ लाखांहून अधिक भेटींच्या नोंदींवर बांधलेली अशी मॉडेल २०२१ मध्ये तपासली गेली. गोऱ्या, हिस्पॅनिक आणि आशियाई पेशंटांत ती बरी चालली, कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन पेशंटांत फार कमी पडली. यंत्र शिकतं ते आपल्याच फाइलींतून. ज्याचं डिप्रेशन आपण लिहिलंच नाही, ते त्याला कुठून कळणार? कमी अंक पाहून निर्धास्त होऊ नका.

मग विचारायचं काय? डीएसएम-५ मध्ये २०१३ पासून सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न दिलेले आहेत. ते सगळे दर वेळी विचारता येत नाहीत, पण पेशंट स्वतःच्या त्रासाला काय म्हणतो आणि त्याच्या माणसांच्या मते तो कशामुळे झाला, हे दोन तरी विचाराच. ‘इजा करायचा विचार आहे का’ हा चौकटीतला प्रश्न पहिला नको. आधी झोप, थकवा, कुणाला गमावलंय का. मग स्पष्ट शब्दांत मरणाबद्दल. ‘हो’ म्हटल्यावर पुढे नेमकं काय होईल ते प्रश्नाआधीच सांगा. घरी बंदूक आहे का आणि ती कुलपात ठेवता येईल का, हे घरच्यांसमक्ष बोला. ९८८ हा आत्महत्येच्या संकटात मदतीचा फोन क्रमांक जुलै २०२२ पासून देशभर चालू आहे, तो त्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या. आणि स्किझोफ्रेनिया लिहिण्याआधी मूडचा आजार वगळला आहे का, हे स्वतःला विचारा. डीएसएमचा नियमच तसा आहे.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. कृष्णवर्णीय पेशंटला खरा सायकोसिस (भास-भ्रमांत वास्तवाचं भान सुटणं) होतोच, आणि ‘ही त्यांची संस्कृती असेल’ म्हणून उपचार लांबवणं हीदेखील हेळसांडच. त्या गृहस्थांना आवाज ऐकू येत होते, ते मी नाकारलं नाही. पण ते डिप्रेशन खोल गेलं की येत आणि ते उतरलं की जात. तीन आठवड्यांनी आम्ही निदान बदललं.

त्या तीन आठवड्यांत मी त्यांची फाइल मागे मागे वाचत गेले. स्किझोफ्रेनिया हा शब्द एका नोंदीतून दुसरीत उतरवला गेला होता, १९ वर्षं. पहिली नोंद अर्ध्या पानाची निघाली. पोलिसांनी आणलं, राखून बोलतो, संशयी, प्रश्नांना उत्तरं देत नाही. निदान त्याच रात्रीचं. पानाच्या तळाशी ‘कौटुंबिक माहिती’ असा रकाना होता. त्यात वेगळ्या अक्षरात, बहुधा नर्सने, लिहिलं होतं: सहा आठवड्यांपूर्वी मुलगी वारली. वय ४.